हँडहेल्ड सेटमध्ये फ्रिक्वेन्सी साठवणं आणि परत काढणं: सोलापूरच्या हॅम मंडळींसाठी

हातात वॉकी-टॉकी असूनही दोन माणसांचं बोलणं जुळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा सेट बिघडलेला नसतो. एकाच्या चॅनल ५ मध्ये एक फ्रिक्वेन्सी असते, दुसऱ्याच्या चॅनल ५ मध्ये भलतीच. किंवा फ्रिक्वेन्सी बरोबर असते, पण टोन राहून गेलेला असतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर माणसांचा समुद्र असतो, आषाढीला पंढरपुरात वाळवंटापासून वाखरीपर्यंत गर्दी असते. तिथे उभं राहून सहा आकडे दाबत बसणं कुणालाच जमत नाही. तिथे फक्त "तीनवर या" एवढंच म्हणता आलं पाहिजे, आणि ते ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या सेटमध्ये तीन म्हणजे तेच असलं पाहिजे. मेमरीचा खरा उपयोग हा आहे.

खाली दिलेले मेनू क्रमांक बाओफेंग यूव्ही-५आर या सेटचे आहेत, कारण नव्या लायसन्सधारकांच्या हातात बहुधा तोच असतो. दुसऱ्या सेटमध्ये क्रमांक बदलतील, क्रम मात्र हाच राहील.

आधी कायद्याचं, थोडक्यात. हा सेट १३६ ते १७४ आणि ४०० पासून वर बऱ्याच मेगाहर्ट्झवर पाठवू शकतो, म्हणून तिथे पाठवायची परवानगी असते असं नाही. आपल्याकडे हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींना व्हीएचएफवर (खालचा पट्टा) १४४ ते १४६ आणि यूएचएफवर (वरचा पट्टा) ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा आहे, आणि त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं लायसन्स लागतं. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. लायसन्स नसलेल्या माणसाला दुकानात किंवा शेतावर वापरायला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा कमी ताकदीचा पट्टा खुला आहे, पण त्यासाठी त्याच पट्ट्यापुरता बनवलेला, मान्यता असलेला सेट घ्यावा. हॅमचा सेट त्या कामाला लावू नये. पोलीस, रेल्वे, विमानतळ यांच्या फ्रिक्वेन्सी मेमरीत ठेवूच नयेत. सोलापूर हा रेल्वेचा विभाग आहे, होटगी रोडला विमानतळ आहे. खिशात चुकून दाबलं गेलेलं पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, तिथे कुणाच्या तरी कामात घुसू शकतं.

मेमरीच्या एका घरात काय काय असतं

एका चॅनलमध्ये फक्त एक आकडा साठतो असं समजणं ही सगळ्या गोंधळाची सुरुवात आहे. चॅनल म्हणजे एक पूर्ण संच: ऐकायची फ्रिक्वेन्सी, बोलायची फ्रिक्वेन्सी, पाठवायचा टोन, ऐकायचा टोन, बँडविड्थ (सिग्नलची रुंदी) आणि ताकद. साठवायच्या क्षणी सेटमध्ये जे जे चालू असतं ते सगळं त्या घरात जातं. काल कुठल्याशा रिपीटरसाठी, म्हणजे आपलं बोलणं ऐकून पुढे पाठवणाऱ्या केंद्रासाठी, लावलेला टोन तसाच राहिला आणि आज तुम्ही साधा चॅनल साठवला, तर तो टोनही सोबत गेला. म्हणून साठवण्याआधी सेट कोरा करून घेणं हे साठवण्याइतकंच महत्त्वाचं.

टोन म्हणजे तुमच्या आवाजाच्या खाली सतत चालणारा, कानाला जवळजवळ न कळणारा स्वर. ६७.० ते २५४.१ हर्ट्झमध्ये त्याच्या ठराविक जागा आहेत. रिपीटर हा स्वर ऐकला तरच उघडतो. इथे दशांशाला महत्त्व आहे: ८८.५ हवा असताना ८५.४ लावला तर रिपीटर गप्प राहतो, आणि तुम्ही बॅटरीला दोष देत बसता.

ऐकायचा टोन, म्हणजे मेनू ११, नवख्याने बंदच ठेवावा. तो चालू असला की समोरचा टोन न लावता बोलला तर सेटचा हिरवा दिवा लागतो, आवाज मात्र येत नाही. "सिग्नल दिसतो पण ऐकू येत नाही" ही तक्रार आली की आधी मेनू ११ आणि १० बघावेत.

कागदावर आराखडा

सेट हातात घेण्याआधी वही घ्या. यूव्ही-५आरमध्ये ००० ते १२७ अशी १२८ घरं आहेत. एवढी जागा आहे म्हणून इंटरनेटवरून मिळेल ती यादी ओतू नका. तीस चॅनल नीट माहीत असलेले बरे. एकशे वीस चॅनलांत आपला शोधता शोधता बोलणाऱ्याचं बोलणं संपून जातं.

गटासाठी आम्ही सुचवतो ती मांडणी अशी. ००१ ते ००९ आपसांत थेट बोलायचे चॅनल: ००१ हाक मारायचा, ००२ आणि ००३ हाक मारून झाल्यावर सरकायचे. ०१० पासून दुसऱ्या गावांच्या गटांचे थेट चॅनल, म्हणजे बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट जसे ठरतील तसे. ०२० पासून रिपीटर. ०४० पासून उपग्रह. १०० च्या पुढे फक्त ऐकायचे. मधली घरं रिकामी राहू द्या. पुढे एखादा रिपीटर नव्याने सुरू झाला तर त्याला त्याच्या गल्लीत जागा मिळते आणि पाठ झालेले क्रमांक हलत नाहीत. ००० वापरू नका. घाईत आकडे दाबताना तिथे जाऊन पोचणं सोपं असतं.

वहीत प्रत्येक चॅनलपुढे सात रकाने आखा: क्रमांक, नाव, ऐकायची, बोलायची, टोन, बँडविड्थ, ताकद. एकही रकाना मोकळा सोडू नका. टोन नसेल तर "नाही" असं लिहा, कारण मोकळा रकाना म्हणजे "नाही" की "लिहायचं राहिलं" हे पुढच्या महिन्यात आठवत नाही.

बटणांवरून थेट चॅनल साठवणं

समजा गटाने १४५.५०० मेगाहर्ट्झ ठरवली आणि ती ००१ मध्ये हवी आहे.

१. व्हीएफओ/एमआर बटण दाबून फ्रिक्वेन्सी मोडमध्ये या. पडद्याच्या उजव्या कडेला चॅनलचा छोटा आकडा दिसत असेल तर तुम्ही अजून मेमरीतच आहात, पुन्हा दाबा.

२. ए/बी बटणाने बाण वरच्या ओळीवर आणा. साठवायचं काम वरच्या ओळीवरूनच करायचं. खालच्या ओळीवर उभे राहून साठवलं की नोंद नीट होत नाही, आणि नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

३. मेनू, ७, मेनू, बाणाने ऑफ, मेनू, एक्झिट. हा टीडीआर, म्हणजे दोन्ही ओळींवर आळीपाळीने कान ठेवणं. तो चालू असताना मध्येच खालच्या ओळीवर कुणी बोललं तर सेट तिकडे उडी मारतो आणि तुम्ही साठवता ते दुसरंच काही.

४. मेनू १०, ११, १२, १३ आणि २५ एकेक करून ऑफ करा. पहिले चार टोनचे, २५ शिफ्टचा, म्हणजे बोलायची फ्रिक्वेन्सी ऐकायचीपासून वर किंवा खाली सरकवण्याचा. मेनू ५ (बँडविड्थ) वाइडवर ठेवा, मेनू २ मध्ये ताकद ठरवा.

५. मेनू १ मध्ये स्टेप, म्हणजे फ्रिक्वेन्सी जितक्या पायरीने सरकते ती, ५ किलोहर्ट्झ करा.

६. मेनू, २८, मेनू, ००१, मेनू, एक्झिट. जुनं काही असेल तर ते पुसलं गेलं.

७. आता १४५५०० असे सहा आकडे सलग दाबा. दशांशचिन्ह सेट स्वतः घालतो.

८. मेनू, २७, मेनू, ००१, मेनू. आवाज चालू असेल तर सेट "रिसीव्हिंग मेमरी" असं म्हणतो. एक्झिट.

आठव्या पायरीत घराचा आकडा निवडताना पडद्याकडे नीट बघा. घर भरलेलं असेल तर आकड्याआधी सीएच अशी अक्षरं दिसतात, रिकामं असेल तर नुसता आकडा. सहावी पायरी केली असूनही सीएच दिसत असेल तर पुसणं झालेलं नाही. तिथेच थांबून मागे जा. भरल्या घरावर पुन्हा लिहिलं तर सेट ती दुसरी नोंद बोलायची फ्रिक्वेन्सी समजतो. जुनी ऐकायची फ्रिक्वेन्सी आणि नवी बोलायची फ्रिक्वेन्सी अशी खिचडी एकाच चॅनलमध्ये होते, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

पाचव्या पायरीचं कारण असं की सेट फक्त स्टेपच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी घेतो. स्टेप १२.५ असताना १४५.९९० दाबलंत तर तो जवळच्या पायरीवर सरकून १४५.९८७ असं दाखवतो. बटणांचा दोष नाही, १४५.९९० ही १२.५ च्या पाढ्यात बसतच नाही. आपल्या दोन्ही पट्ट्यांत ५ ची स्टेप ठेवली की ही अडचण सहसा येत नाही.

रिपीटर साठवणं

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो, म्हणून आपल्याला त्याच्या उलट करावं लागतं. व्हीएचएफवर दोन्हींमध्ये सहसा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. उदाहरणापुरता एक काल्पनिक रिपीटर घेऊ: तो १४५.६५० वर बोलतो, १४५.०५० वर ऐकतो, टोन ८८.५.

वरच्या पहिल्या पाच पायऱ्या तशाच करा. मेनू २८ ने ०२० पुसा. १४५६५० दाबा. मग मेनू, १३, मेनू, बाणांनी ८८.५ वर या, मेनू, एक्झिट. आता मेनू, २७, मेनू, ०२०, मेनू, एक्झिट. ऐकायची बाजू झाली. लगेच १४५०५० दाबा, आणि पुन्हा मेनू, २७, मेनू, ०२०, मेनू, एक्झिट. या वेळी घरापुढे सीएच दिसणारच, ते बरोबर आहे. सेट "ट्रान्समिटिंग मेमरी" म्हणतो.

टोन पहिल्या साठवणीच्या आधी लावायचा, दुसऱ्या साठवणीपर्यंत तसाच ठेवायचा. मध्ये काही बदलायचं नाही. आणि या पद्धतीत मेनू २५ बंदच हवा: शिफ्टही चालू आणि बोलायची फ्रिक्वेन्सीही हाताने दिलेली, असं दोन्ही केलं की हिशेब बिघडतो.

काही जण २५ आणि २६ वापरून शिफ्टने जातात. फ्रिक्वेन्सी मोडमध्ये तात्पुरतं बोलायला ते ठीक आहे. तिथे मेनू २६ मध्ये ०००६०० असे सहाही आकडे दाबावे लागतात आणि पडद्यावर ००.६०० दिसलं पाहिजे. नुसतं ६०० दाबून पुढे गेलं तर शिफ्ट ६०० किलोहर्ट्झची न होता भलतीच बसते, आणि मग तुम्ही १४४ ते १४६ च्या बाहेर जाऊन बोलू लागता. त्यामुळे ऑफसेट, म्हणजे हे अंतर, लावल्यावर पडद्यावरचा आकडा डोळ्याने वाचल्याशिवाय पीटीटी दाबू नका.

साठवलेला रिपीटर तपासायला व्हीएफओ/एमआर दाबून मेमरीत जा, ०२० काढा. पडद्यावर अधिक-उणेची खूण दिसली पाहिजे. मग स्टार-स्कॅन बटण एकदा हलकेच दाबा: ऐकायची आणि बोलायची अदलाबदल होऊन १४५.०५० दिसतं. पुन्हा दाबून पूर्ववत करा. हे विसरलात तर तुम्ही रिपीटरच्या कानावर कान ठेवून बसाल आणि त्याचं बोलणं कधीच ऐकू येणार नाही. शेवटी अँटेना लावलेला आहे याची खात्री करून, कमी ताकदीवर, आपला कॉलसाइन (लायसन्सवरची ओळख) सांगून एक छोटा कॉल द्या. अँटेनाशिवाय पीटीटी दाबलं तर सेटच्या शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

हवा तो चॅनल काढणं

व्हीएफओ/एमआर दाबून मेमरीत या आणि तीन आकडे दाबा: चॅनल पाच म्हणजे ००५. नुसतं ५ दाबून थांबलं तर सेट पुढच्या आकड्यांची वाट बघतो. बाणांनीही चॅनल बदलतात, आणि रिकामी घरं आपोआप वगळली जातात, म्हणून मधली घरं रिकामी ठेवल्याने बाणांना अडथळा होत नाही.

मेनू २१ वरच्या ओळीवर काय दिसावं ते ठरवतो: फ्रिक्वेन्सी, चॅनल क्रमांक किंवा नाव. गटात काम करताना नाव ठेवा. नाव सात अक्षरांचं आणि रोमन लिपीतच असतं, आणि ते बटणांवरून देता येत नाही. त्यासाठी संगणक लागतो. नाव ठेवताना गावाची पहिली तीन-चार अक्षरं आणि शेवटी कामाचं एखादं अक्षर पुरतं.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी आणखी चार गोष्टी आड येतात. पहिली, टीडीआर. काम करताना तो चालू ठेवला असेल आणि मेनू ३४ ऑफ असेल, तर खालच्या ओळीवर नुकतंच कुणी बोललं की तुमचं पीटीटी तिकडे जातं. तुम्ही ००१ वर उत्तर देतोय असं समजता आणि उत्तर जातं भलतीकडे. मेनू ३४ मध्ये ए ठरवून टाका, किंवा टीडीआरच बंद ठेवा. दुसरी, हॅश बटण. मेमरीत असताना ते हलकेच दाबलं की ताकद जास्तीवरून कमीवर किंवा कमीवरून जास्तीवर जाते. खिशात ते नकळत दाबलं जातं. तिसरी, तेच हॅश बटण दोन सेकंद दाबून धरलं की बटणांना कुलूप लागतं, म्हणून चॅनल काढून झाला की कुलूप लावा. पीटीटी तरीही चालतं. चौथी, स्कॅन. स्टार-स्कॅन दाबून धरलं की सेट साठवलेले चॅनल फिरत बघतो. मेनू १८ मध्ये सीओ ठेवलं तर कुणी बोलत असेपर्यंत तिथेच थांबतो, टीओ ठेवलं तर थोडं थांबून पुढे जातो. गटाच्या कामात स्कॅन बंद ठेवलेला बरा: हाक ज्या चॅनलवर येणार तिथे कान नसेल तर पहिले दोन-तीन शब्द निघून जातात, आणि नेमकी जागा त्यातच सांगितलेली असते.

मेमरीत असताना टोन बदलला आणि तो टिकेल असं धरून चालू नका. बदल कायमचा हवा असेल तर घर पुसा आणि नव्याने लिहा.

बॅटरी काढली किंवा संपली म्हणून चॅनल जात नाहीत. जातात ते मेनू ४० मुळे. त्यात व्हीएफओ आणि ऑल असे दोन पर्याय आहेत. ऑल म्हणजे सगळी घरं साफ, आणि काही सेट त्यानंतर चिनी भाषेत बोलू लागतात. ते मेनू १४ मधून बदलता येतं, गेलेले चॅनल मात्र परत येत नाहीत.

संगणकावरून

पाचपेक्षा जास्त चॅनल किंवा दोनपेक्षा जास्त सेट असतील तर चर्प हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आणि दोन पिनांची यूएसबी केबल घ्या. इथल्या अडचणी बहुतेक केबलच्या असतात. स्वस्त केबलमध्ये प्रॉलिफिकच्या चिपची नक्कल असते. नवं विंडोज ती ओळखते आणि नाकारते, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० अशी खूण येते. त्यावर जुना ड्रायव्हर टाकणं हा उपाय आहे, पण एफटीडीआय किंवा सीएच३४० चिपची केबल घेतली तर ही डोकेदुखी उरत नाही.

प्लग सेटच्या बाजूच्या भोकांत घालताना तो पूर्ण बसल्यासारखा वाटतो तिथे खरं तर एक-दीड मिलिमीटर बाहेर असतो. प्लगची प्लॅस्टिकची कड सेटच्या खोक्याला अडते. अंगठ्याने जोर लावला की आणखी एक टिक लागतो, तेव्हा तो बसला. तेवढं झालं नाही तर चर्प "रेडिओने उत्तर दिलं नाही" अशा अर्थाचा निरोप देत राहतो आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो. दर वेळी कड अडत असेल तर ती ब्लेडने किंचित तासून घ्या. सेट चालू, आवाज अर्ध्याच्या वर, आणि कुणी बोलत नसलेल्या चॅनलवर ठेवून काम करा.

क्रम कधीही बदलू नका: आधी सेटमधलं वाचून घ्या, ती फाइल तारीख घालून जपून ठेवा, मग त्या फाइलची दुसरी प्रत उघडून बदल करा, मग सेटमध्ये लिहा. एका सेटची फाइल उचलून सरळ दुसऱ्या सेटमध्ये ढकलू नका. दिसायला सारख्या सेटमध्ये आतला प्रोग्रॅम वेगळा असू शकतो. प्रत्येक सेट वाचा, गटाच्या फाइलमधल्या ओळी कॉपी करून त्याच्या ओळींवर चिकटवा, आणि त्याची त्यालाच परत लिहा. दहा सेटना यात एक संध्याकाळ जाते, पण सेट बंद पडत नाही.

रकाने भरताना टोन मोडकडे लक्ष द्या. टोन असं निवडलं तर स्वर फक्त पाठवला जातो. टीएसक्यूएल निवडलं तर तो पाठवलाही जातो आणि ऐकतानाही मागितला जातो. रिपीटरला आधी नुसता टोन लावा. ड्युप्लेक्स, म्हणजे बोलायची फ्रिक्वेन्सी कुठे असावी हे ठरवणारा रकाना, त्यामध्ये उणे आणि ऑफसेट ०.६००००० असं दिलं की व्हीएचएफचा रिपीटर तयार. आणि ड्युप्लेक्समध्ये ऑफ हा पर्याय आहे, त्याचा उपयोग फार कमी लोक करतात. तो लावलेल्या चॅनलवर पीटीटी दाबलं तरी सेट पाठवत नाही. १०० च्या पुढचे सगळे ऐकायचे चॅनल असेच ठेवा.

कीपॅड नसलेले, वरच्या गोल खटक्यावर १६ चॅनल असलेले सेट फक्त अशाच पद्धतीने भरता येतात. डब्यातून काढल्यावर त्यात ज्या फ्रिक्वेन्सी असतात त्या आपल्या देशाचे नियम बघून घातलेल्या असतीलच असं नाही, म्हणून न तपासता त्यावर बोलू नका.

उपग्रहासाठी पाच घरं

मेमरीचा सगळ्यात सुंदर उपयोग आकाशात आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम मंडळींसाठी रिपीटर आहे: त्याला १४५.९९० वर ६७.० टोन लावून बोलायचं आणि ४३७.८०० वर ऐकायचं. तो सतत चालू नसतो, आधी चालू आहे का ते बघून घ्यावं. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं, त्यामुळे येताना त्याची फ्रिक्वेन्सी चढलेली आणि जाताना उतरलेली ऐकू येते. ४३७ वर हा फरक वर-खाली सुमारे १० किलोहर्ट्झ होतो. १४५ वर तो साडेतीनच्या आत राहतो आणि वाइड एफएममध्ये चालून जातो.

म्हणून बोलायची एकच फ्रिक्वेन्सी आणि ऐकायच्या पाच, अशी घरं करा. ०४० मध्ये ४३७.८१०, ०४१ मध्ये ४३७.८०५, ०४२ मध्ये ४३७.८००, ०४३ मध्ये ४३७.७९५, ०४४ मध्ये ४३७.७९०. पाचही घरांत बोलायची १४५.९९०, टोन ६७.०. हे चर्पमधूनच करा: ड्युप्लेक्समध्ये स्प्लिट निवडून ऑफसेटच्या रकान्यात १४५.९९०००० लिहायचं. स्थानक क्षितिजावर आलं की ०४० वर राहा, आवाज फाटू लागला की वरचा बाण एकदा दाबा, डोक्यावर असताना ०४२, मावळताना ०४४. आपल्या डोक्यावरून एक फेरी जास्तीत जास्त दहा-अकरा मिनिटांची असते, आणि सगळ्यात जलद बदल मधल्या दोन-तीन मिनिटांत होतो, तेव्हा अंगठा बाणावरच हवा. शहराच्या मध्यात इमारती आड येतात. हिप्परगा तलावाच्या बाजूला किंवा विजापूर रोडच्या मोकळ्या माळावर क्षितिज चारही बाजूंनी खाली मिळतं.

ऐकण्यापुरतं १०० मध्ये १४५.८०० ठेवा. अंतराळवीर शाळांशी बोलतात आणि कधी कधी चित्रं पाठवली जातात ती इथेच. १०१ मध्ये १४५.८२५, तिथे स्थानकाचं डिजिटल पॅकेट असतं. या दोन्हींवर ड्युप्लेक्स ऑफ.

एचएफ सेट असेल तर

टेबलावरच्या एचएफ, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीच्या, सेटमध्ये घरात मोडही, म्हणजे आवाज पाठवायची पद्धतही, साठतो. ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर एलएसबी (लोअर साइडबँड), १४ वर यूएसबी (अप्पर साइडबँड, संगणकाची केबल नव्हे). फ्रिक्वेन्सी साठवण्याआधी मोड बघा, नाहीतर चॅनल काढल्यावर बोलणं बदकासारखं ऐकू येतं. बऱ्याच सेटमध्ये मेमरीत असताना डायल फिरवला तर फ्रिक्वेन्सी हलते, पण चॅनल बदलून परत आलं की मूळ जागी जाते. हलवलेली जागा ठेवायची असेल तर ती आधी व्हीएफओवर घ्यावी आणि तिथून नव्याने लिहावी.

कामाच्या आदल्या दिवशी

सगळे सेट एका टेबलावर आणा. एकाने वही वाचायची, बाकीच्यांनी तो चॅनल काढून पडद्यावर काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं. ००१ पासून शेवटपर्यंत, एकही न सोडता. मग एकाने बाहेरच्या खोलीत किंवा अंगणात जाऊन प्रत्येक थेट चॅनलवर कमी ताकदीने हाक द्यायची. सगळ्या सेटमधून आवाज आला तरच त्या ओळीवर खूण करायची. एकाच सेटमधून आवाज आला नाही तर आधी त्याचा मेनू ११, मग ५, मग फ्रिक्वेन्सी, या क्रमाने बघायचं. हाक देणारा आणि ऐकणारे एकाच खोलीत बसून ही तपासणी करू नये. इतक्या जवळून शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचाही आवाज घुसतो आणि चुकलेला चॅनल बरोबर वाटतो.

वहीतली यादी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापून लॅमिनेट करा आणि प्रत्येक सेटच्या पट्ट्याला बांधा. कार्डावर आवृत्तीचा क्रमांक घाला. यादीत एक जरी आकडा बदलला तर क्रमांक बदला आणि जुनी कार्डं परत घ्या. दोन आवृत्त्या एकाच गटात फिरू देऊ नका. सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर सेट ठेवू नका: मेमरी टिकेल, बॅटरी फुगेल.

सीनेला किंवा भीमेला पूर आला, उजनीतून पाणी सोडलं, आणि बाहेरगावचा गट मदतीला आला, तर त्यांचे चॅनल क्रमांक आपल्याशी जुळणार नाहीत. त्यांच्याशी बोलताना क्रमांक न सांगता पूर्ण फ्रिक्वेन्सी आणि टोन सांगा, त्यांच्याकडून तो परत म्हणवून घ्या, आणि ०१९ हे घर अशा वेळी बटणांवरून भरायला नेहमी रिकामं ठेवा.